जन्मगावाची रांग

आमच्या बुलढाणा जिल्ह्याची अमेरिकेशी पहिली ओळख माणसांनी करून दिली नाही. ती कापसाने करून दिली. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्यांच्यात यादवी पेटली, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि आमच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. १८६५ साली ते युद्ध संपले, भावही उतरला. पण वाट पडली ती पडलीच. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा जो फाटा घातला गेला, तो ह्या कापसासाठीच. कोठे मिसिसिपीच्या काठची लढाई आणि कोठे आमच्या काळ्या मातीतला कुणबी! पण दोघांची गाठ पडली ती अशी.

कापसामागून शे-सव्वाशे वर्षांनी माणसे निघाली. शेगावला १९८३ साली संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. शेतकऱ्यांची, मास्तरांची, एस.टी.तल्या कंडक्टरांची मुले इंजिनीअर होऊ लागली. तेथून पुण्याला आणि पुण्याहून न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियाला जाऊ लागली. आज खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कोठल्याही गावी जा. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणाचा जावई तिकडे आहेच. दिवाळीपूर्वी चकल्या-अनारशांची खोकी कुरिअरच्या दुकानात रचलेली दिसतात. आणि लग्नाच्या मांडवात पूर्वी ‘मुलगी कोठे दिली?’ असे विचारीत, तसे आता हळूच विचारतात, ‘ग्रीन कार्ड झाले का हो?’

बहुतेक वेळा उत्तर येते, ‘अजून रांगेत आहे.’

ही रांग कसली, ती कोणी लावली, आणि ती मोडावी म्हणून तेथील विधिमंडळात इतकी वर्षे वाद होऊनही ती का मोडत नाही, हे सांगावे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. मी कायदेपंडित नव्हे. शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण हा विषय जितका कायद्याचा आहे, तितकाच इतिहासाचा आहे. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. तो मिळाला की पुढे यथावकाश नागरिकत्व. तो मिळेपर्यंत माणूस तेथे पाहुणा. आणि पाहुणाही मालकाच्या मर्जीवर राहिलेला.

एकेकाळी ही रांगच नव्हती. १८८३ साली आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला समुद्र होता, थंडी होती, लोकांची टवाळी होती. पण ‘तुमच्या देशाचा ह्या वर्षीचा वाटा संपला’ असे त्यांना कोणी म्हटले नाही. चिनी मजुरांना मात्र अमेरिकेने त्याआधी एकच वर्ष, १८८२ साली, बंदी घातली होती. एका शेजाऱ्याचे दार लागले की आपल्या दाराचीही कडी केव्हातरी वाजणार, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल?

ती वेळ १९१७ साली आली. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाभोवती एक रेघ ओढली आणि तीत हिंदुस्थान सापडला. मग जे आधी पोहोचले होते त्यांचे काय? तेथील नागरिकत्वाचा कायदा १७९० सालचा. परक्याला नागरिक व्हावयाचे तर तो ‘गोरा’ हवा, असे त्यात लिहिलेले. १८७० साली आफ्रिकन वंशाच्या लोकांची त्यात भर पडली, पण आशियाई माणूस बाहेरच राहिला. अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. ‘आम्ही आर्य, म्हणजे तुमच्याच वंशाचे’ असे म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२३ साली न्यायालयाने सांगितले की पंडितांची वंशशास्त्रे काहीही म्हणोत, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. खटला हरला. इतकेच नव्हे, तर ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे ते काढून घेण्यात आले.

थिंद ह्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, अहमदाबादेत जन्मलेले आणि लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे. ते स्वतः १९१४ सालापासून अमेरिकन नागरिक. अशिलाचा खटला हरल्यावर सरकार वकिलाच्याच मागे लागले. पंडितांनी न्यायालयात वंशाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि हिशेब मांडला: तुम्ही दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी इकडे व्यवसाय उभा केला, संसार थाटला, तिकडची बाजू सोडून दिली, आता दिलेला शब्द परत घेता येणार नाही. १९२६ साली ते जिंकले, आणि इतर हिंदी लोकांवरचे असे खटले त्यानंतर थंडावले. हा युक्तिवाद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ह्या कथेत एक असा माणूस येतो की ज्याच्यावर एखादी कादंबरी लिहावी. त्याचे नाव इमॅन्युएल सेलर. ब्रुकलिन भागातून १९२३ साली हा तरुण वकील प्रतिनिधिगृहात आला. दुसऱ्याच वर्षी तेथे असा कायदा पुढे आला की प्रत्येक देशाला वाटा ठरवून द्यावा, आणि तो १८९० सालच्या जुन्या खानेसुमारीवरून मोजावा. म्हणजे इटालियन, पोलिश, ज्यू हे नंतर आलेले लोक आपोआप कमी होतील. आशियाई तर सरसकट बाहेरच. पस्तीस वर्षांच्या सेलरने त्याविरुद्ध भाषण केले. कायदा पास झाला. सेलर हरला, पण घरी गेला नाही. १९४६ साली त्याने क्लेअर बूथ लूस ह्या बाईंबरोबर एक लहानसा कायदा करून घेतला: हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसे यावीत आणि हिंदी माणसाला नागरिक होता यावे. वर्षाला फक्त शंभर! पण बंद दाराला फट पडली. त्या फटीतून नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ साली त्याच प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

आणि १९६५ साली, ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी जो नवा कायदा सही करून अमलात आणला, त्यावरही सेलरचेच नाव होते. त्या दिवशी तो ७७ वर्षांचा होता. पहिल्या भाषणापासून ४१ वर्षे लोटली होती. वंशाच्या तराजूने माणसे मोजणे संपले. पृथ्वीच्या आपल्या अर्ध्या भागातील प्रत्येक देशाला, लहान असो की मोठा, वर्षाला २०,००० पर्यंत मर्यादा. शंभरावरून वीस हजार! त्या काळी आपल्याला ही मर्यादा म्हणजे आभाळ वाटले असल्यास नवल नाही.

परंतु न्यायाच्या ह्याच कलमात पुढच्या अडचणीचे बी होते. सर्व देशांना समान वाटा, हे ऐकावयास किती गोड! पण देश म्हणजे माणूस नव्हे. आइसलँडला आणि भारताला सारखाच वाटा दिला, तर दोन देशांत समता झाली. पण आइसलँडच्या आणि भारताच्या दोन माणसांत झाली काय? १९९० सालच्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० परवाने ठरवले आणि कोणत्याही एका देशाला त्यातले सुमारे ७ टक्के, म्हणजे ९,८०० च्या आसपास. बायको-मुले त्या आकड्यातच धरावयाची. शिवाय ‘देश’ म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, तर जन्माचा. मलकापुरात जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला, तरी अमेरिकेच्या दारात तो मलकापूरचाच, म्हणजे भारताच्या रांगेतला. उलट त्याची बायको नेपाळात जन्मलेली असेल, तर त्याला नेपाळच्या रांगेत उभे राहता येते. अशी ही जन्मगावाची रांग.

ज्यांनी आमच्याकडची कापूस एकाधिकार खरेदी पाहिली आहे, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. १९७२ पासून सरकारच कापूस घेई. मी लहान असताना दिवाळीनंतर खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागलेली पाहिली आहे. माणसे बंडीखाली झोपत, तीन दगड मांडून भाकऱ्या भाजीत, आणि रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत. आता कल्पना करा. काट्यावर दिवसाला शंभर बंड्या मोजावयाच्या, पण एका गावच्या सातांहून अधिक नाहीत, असा नियम झाला. लहान वस्तीच्या तीन बंड्या आल्या, त्या दुपारीच मोकळ्या. मोठ्या गावच्या चारशे बंड्या आल्या. त्यांतली शेवटची मोजावयास जवळजवळ दोन महिने. बंडीमागून चालणारी बायको-पोरेही बंडी म्हणूनच मोजली, तर आणखी लांबण. इतर गावांनी घेतले नाही ते उरलेसुरले मोठ्या गावाला मिळे, हे खरे. पण तोवर मागून रोज नव्या बंड्या येतच आहेत. आपला कापूस चांगला की वाईट, हे कोणी पाहतच नाही.

२०२० साली अमेरिकन काँग्रेसच्याच संशोधन विभागाने हिशेब केला, तेव्हा नोकरीच्या रांगेत सुमारे दहा लाख माणसे होती आणि त्यांत फार मोठा भाग भारतीयांचा. ज्या वर्गात बहुतेक इंजिनीअर अर्ज करतात, त्यात नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाला, कागदोपत्री, १९५ वर्षे थांबावे लागेल असे उत्तर निघाले. २०२४ च्या अखेरीस तेथील मासिक पत्रकात भारतीय इंजिनीअरांची जी पाळी चालू होती, ती २०१२ साली अर्ज केलेल्यांची होती.

तरीही आकडे हे आकडेच. त्यांच्याखाली माणूस कसा राहतो, ते सांगतो. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. त्यांचा मुलगा २००७ साली बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन तिकडे गेला. २०१३ साली त्याचा अर्ज रांगेत लागला. एच-१बी ह्या कामाच्या व्हिसाची मुदत एरवी सहा वर्षांची. पण रांगेत असलेल्याला ती पुनःपुन्हा वाढवून मिळते, अशी सोय २००० सालच्या कायद्याने केली. म्हणून तो तेथे आहे. सून एम.एस्सी. आहे, पण रांगेतल्या माणसांच्या बायकांना नोकरीची परवानगी २०१५ साली मिळू लागली, तोवर ती आठ वर्षे घरात बसली. नोकरी सुटली तर साठ दिवसांत दुसरी शोधावी किंवा गाशा गुंडाळावा, असा नियम. २०२१ च्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, गुरुजींच्या पत्नी गेल्या. त्या वेळी भारतातून अमेरिकेत प्रवेशाला बंधने होती. मुलगा आला असता, तर परत जाता आले असते की नाही, ह्याची शाश्वती नव्हती. त्याने आईचे अखेरचे दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले.

आणि आता ती मुलगी. तिचा जन्म खामगावचा. वाढली सारी तिकडे. तिला आठवते ते घर तिकडचेच. तिचा धाकटा भाऊ तेथे जन्मला, म्हणून तो अमेरिकन नागरिक. मूल २१ वर्षांचे झाले की बापाच्या अर्जातून त्याचे नाव गळते. काही दिवसांची वजाबाकी करण्याची सवलत २००२ च्या कायद्याने दिली आहे, पण इतक्या लांब रांगेपुढे ती अपुरी पडते. २०२५ साली ती २१ ची झाली. आता ती विद्यार्थी म्हणून वेगळ्या व्हिसावर राहते. शिक्षण संपल्यावर काय, हे कोणालाही ठाऊक नाही. एका छपराखाली दोन भावंडे, आणि दोघांना दोन कायदे! गुरुजी मला म्हणाले, ‘नातीला मी गावाकडचे घर दाखवले, तर ती म्हणाली, आजोबा, हे छान आहे, पण माझे नाही. तिकडचेही माझे नाही म्हणतात.’

हे सारे अमेरिकन विधिमंडळाला ठाऊक नाही असे नव्हे. रांगेतल्यांनी ते सांगण्यासाठी नाना वाटा काढल्या. २००७ च्या जुलै महिन्यासाठी सरकारने ‘सर्वांनी अर्ज करावेत’ असे जाहीर केले. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जमवले. आणि २ जुलैला घोषणा मागे घेतली गेली. तेव्हा आपल्याकडच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ चित्रपटातली गांधीगिरी आठवून भारतीयांनी त्या खात्याच्या संचालकाला फुलांचे गुच्छ पाठवले. ते गुच्छ जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचते झाले, आणि १७ जुलैला सरकारने माघार घेऊन अर्ज स्वीकारले. दगड न मारता एवढे पदरात पडले. पण ते अर्ज करण्यापुरतेच. रांग होती तेथेच राहिली.

मग कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले. देशवार मर्यादा काढून, जो आधी आला त्याला आधी द्यावे, हे त्यांचे सार. २०११ साली प्रतिनिधिगृहाने असा कायदा ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. सिनेटमध्ये तो आयोवाचे सिनेटर ग्रासली ह्यांनी अडवला. २०१३ साली सिनेटने मोठा कायदा ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केला. प्रतिनिधिगृहाने तो हातीच घेतला नाही. २०१९ साली प्रतिनिधिगृहाने पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ ने मान्यता दिली. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये, एकाही सभासदाने हरकत न घेता, वेगळ्या शब्दांतला मसुदा मंजूर केला. दोहोंचा मेळ बसण्यापूर्वी सभागृहाची मुदतच संपली. २०२२ च्या डिसेंबरात आणखी एक मसुदा मतदानाच्या तोंडाशी येऊन मागे घेतला गेला. दोन सासवा एकाच सुनेला आळीपाळीने पाठवणीची तारीख देत आहेत, असेच वाटावे.

विरोध करणारे सारेच दुष्ट होते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. इलिनॉयचे सिनेटर डर्बिन म्हणत, भाकर तेवढीच ठेवून तुकडे नव्याने पाडले, तर एकाची भूक दुसऱ्याच्या ताटात जाईल. आधी भाकर मोठी करा. फिलिपीन्सची नर्स, इराणचा शास्त्रज्ञ, घानाचा डॉक्टर हे आज लवकर आत येतात. मर्यादा उठली तर काही वर्षे बहुतेक सारे परवाने भारतीयांनाच जातील आणि त्यांना थांबावे लागेल. कामगारांच्या बाजूने बोलणारे म्हणत, मालकाला बांधलेला माणूस स्वस्त पडतो, म्हणून मुळात असे कामगार आणणेच कमी करा. उलट बाजू म्हणे, मालकाला बांधलेला माणूस नको असेल, तर त्याला ग्रीन कार्ड देऊन मोकळा करा! २०२१ साली तर अशी मौज झाली की साथीमुळे कुटुंबांच्या वाट्याचे परवाने नोकरीच्या रांगेत आले, एकूण आकडा २,६२,००० वर गेला, आणि कचेऱ्यांचे काम न उरकल्यामुळे सुमारे ६६,००० परवाने ३० सप्टेंबरला वाया गेले. दारात उपाशी माणसे आणि कोठारात धान्य कुजते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. माणूस जन्मगावावरून मोजू नये, हे १९६५ च्या कायद्याचेच वचन आहे. ते अजून पुरे झालेले नाही. आणि भाकर वाढवल्यावाचून ते पुरे होणारही नाही. मग इतके सरळ काम अडते का? माझ्या मास्तरकी बुद्धीला त्याचे कारण एकच दिसते. सेलर ४१ वर्षे झगडला, तो एकट्या सद्गुणावर नव्हे. ब्रुकलिनमधले ज्यू, इटालियन, आयरिश हे त्याचे मतदार होते. १९२४ च्या कायद्याने ज्यांचे भाऊबंद बाहेर अडकले, त्यांच्या हातात मत होते. आजच्या रांगेतला माणूस कर भरतो, घर घेतो, मुलांना शाळेत घालतो. पण मत देऊ शकत नाही. ज्या दिवशी त्याला मत मिळते, त्या दिवशी त्याची रांग संपलेली असते. त्याला नाराज करून कोणाचीही जागा जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क एका आज्ञेसरशी बसवले गेले, ते ह्याच बळावर.

म्हणून ह्या प्रश्नाची किल्ली जे आत पोहोचले त्यांच्या हाती आहे. सखाराम पंडितांनी न्यायालयात जे सांगितले, तेच आज त्यांनी विधिमंडळाला सांगावयास हवे: ही माणसे तुमच्या शब्दावर विसंबून आली, संसार थाटून बसली, त्यांची मुले तुमच्या शाळांत वाढली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून त्याच प्रतिनिधिगृहात निवडून गेले. म्हणजे मराठी बोलणारा माणूसही आता त्या सभागृहात बसतो. बाहेर त्याच्याहून कितीतरी जण नागरिक झालेले, मत असलेले, सुस्थितीत असलेले आपले आहेत. आपली बंडी काट्यावरून खाली झाली की बैल हाकून सरळ घरी निघून जाण्याचा मोह कोणाला होत नाही? पण सौंद ह्यांनी तो आवरला होता. १९४६ च्या कायद्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत ते होते, आणि नागरिक झाल्यावर ते तेथेच थांबले नाहीत.

आणि आपण, इकडचे? दिवाळीत मुलाचा फोन येईल, तेव्हा ‘कार्ड झाले का?’ असे विचारणे आपण सोडून द्यावे, असे मला वाटते. न झाल्याची लाज त्याची नाही. त्याऐवजी त्याच्या मुलाबाळांची वये विचारावीत. कायद्याला बदलावयास ४१ वर्षे लागली होती. मुलांना २१ च मिळतात. गुरुजींच्या नातीची ती निघून गेली. पण तिच्यामागे रांगेत कोणी दहा वर्षांचा आहे, कोणी बारा. त्यांतले कित्येक चिखलीचे, मेहकरचे, शेगावचे असतील. त्यांच्या वाट्याची वर्षे अजून शिल्लक आहेत.